सी हॅरियर विमानं निवृत्त झाल्यावर नौदलाची 'व्हाइट टायगर्स' स्क्वॉड्रन आणि तिचं पांढऱ्या वाघाचं चिन्ह बंद झालं का?

नाही, दोन्ही आजही आहेत. चिन्ह विमानाचं नसतं, स्क्वॉड्रनचं असतं; विमानं बदलली तरी वाघ राहतो. 'व्हाइट टायगर्स' म्हणजे नौदलाची आयएनएएस ३०० ही विमान तुकडी (स्क्वॉड्रन). ती जुलै १९६० मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी तळावर सी हॉक विमानांसह उभी राहिली आणि विक्रांत या विमानवाहू नौकेवर आली. ४ डिसेंबर १९७१ पासून याच सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तेव्हाचे तिचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं. या तुकडीच्या इतिहासातलं हे पान प्रत्येकानं वाचावं असं मला मनापासून वाटतं. १९८३ मध्ये सी हॅरियर आली, ११ मे २०१६ ला गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल तळावर निवृत्त झाली, आणि त्याच दिवशी तुकडीचा वारसा मिग-२९के विमानांकडे गेला. मात्र प्रत्येक मिग-२९के 'व्हाइट टायगर्स'चं नसतं. आयएनएएस ३०३ हीसुद्धा तीच विमानं वापरते. तिचं नाव 'ब्लॅक पँथर्स'. सी हॉक आणि सी हॅरियर प्रत्यक्ष पाहायची असतील तर गोव्यातल्या बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय गाठा.