मोरा होण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, प्रीस्कूलमध्ये सहायक शिक्षिका म्हणून रुजू होते आहेस, आणि आईकडून कळलं की आठवडाभर हिब्रू शब्द घोकते आहेस. घोक, वाईट काही नाही. पण 'बोकेर तोव' म्हणजे सुप्रभात आणि 'मोरा' म्हणजे बाई, एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. बाकीचं मुलं शिकवतात. तू आधी शिकायचे ते वर्गातले खाण्याचे नियम. धर्म शिकवायला मुख्य बाई आहेत, रब्बाय म्हणजे ज्यू धर्मगुरू आहेत. मुलांच्या घरचा नियम वर्गात मोडू न देणं मात्र तुझ्याकडे येतं, कारण खाऊ तुझ्या हातून वाटला जातो.

आपल्याला वाटतं, शाकाहारी म्हटलं की प्रश्न मिटला. तसं नाही. कोशेर म्हणजे ज्यूंचे खाण्याचे धार्मिक नियम. त्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून बऱ्याच प्रीस्कूलमध्ये फक्त दुधाचं आणि शाकाहारी खाणं ठेवतात. तरी तुझे साजूक तुपातले लाडू वर्गात चालणार नाहीत. ते कोणत्या भांड्यात झाले, हे शाळा कशी सांगणार? मनाला लावून घेऊ नकोस. पाकिटावर वर्तुळातला यू किंवा दुसरी मान्य खूण बघायची. यूशेजारी डी असेल तर दुधाचं. वाढदिवसाच्या दिवशी एखादी आई पिशवी तुझ्या हातात कोंबून ऑफिसला पळते. तेव्हा प्रत्येक पाकीट उलटून वाच. जेली आणि मार्शमेलोत बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन असतं, तिथे गाडी हमखास अडते. शंका आली की वाटायचं नाही, विचारायचं. आणि मुलांना एकमेकांच्या डब्यातलं खाऊ देऊ नकोस. अॅलर्जी हे एक कारण झालंच, शिवाय सगळ्या घरांचं कोशेर सारखं कडक नसतं. तुझ्या स्वतःच्या डब्याचंही पहिल्याच दिवशी विचारून घे.

शुक्रवारी वर्गात शब्बातची, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाची, तयारी असते: बहुतेक ठिकाणी बॅटरीच्या मेणबत्त्या, द्राक्षाचा रस, दानपेटीत टाकायची नाणी आणि हल्ला. हल्ला म्हणजे पाव, बहुधा तीन पेडांची वेणी घालून करतात. तीन वर्षांच्या हातून वेणी होत नाही, दोरखंड होतो. तो तसाच भाजायचा, सरळ करायला जाऊ नकोस. आशीर्वाद म्हणताना तुलाही म्हणायला लावतील अशी धास्ती असेल, तर ती सोड. शांत उभी राहिलीस की पुरे. फक्त त्या वेळात मागे दप्तरं भरत बसू नकोस. मी पाहिलंय, नव्या सहायकांना तीच वेळ मोकळी वाटते.

खरी परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरात. रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत, सिमखात तोरा हे सगळे सण साधारण तीन आठवड्यांत येतात. शाळा दोन दिवस उघडी, दोन दिवस बंद. आईचा हात सोडायला नुकतं शिकलेलं मूल प्रत्येक सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून रडतं. त्याला 'रडू नको' म्हणू नकोस. रोज त्याच खिडकीशी न्यायचं, तोच हात हलवायचा, तेच एक वाक्य म्हणायचं. सणांची सजावट जरा कमी झाली तर काही बिघडत नाही. या दिवसांत वर्गाबाहेर जाताना मोजून जा. न्यू जर्सीच्या नियमाने अडीच ते चार वर्षांच्या मुलांसाठी दहांमागे एक मोठं माणूस लागतं.

वसंतात पेसाखचा सण येतो. तेव्हा गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट यांचं खमीर झालेलं किंवा होऊ शकणारं काही शाळेत ठेवत नाहीत. कणकेचा रंगीत गोळा, ज्याला मुलं प्लेडो म्हणतात, तो मैद्याचा, म्हणजे तोही बाहेर. चिकटवलेल्या मॅकरोनीचे हार बाहेर. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, प्रथेची शाळा असेल तर खेळायच्या तांदळाची परातही हलू शकते. दिवाळीची साफसफाई धुळीसाठी असते, ही कणासाठी. खुर्चीच्या सांध्यात, गाद्यांच्या शिवणीत, कप्प्यांच्या कोपऱ्यात सुकलेले बिस्किटाचे तुकडे निघतात. टूथपिक जवळ ठेव. हे काम मुख्य बाई सांगतील याची वाट पाहू नकोस.

दाराचं एक सांगते, कारण आपल्या संस्कारांना ते अवघड जातं. दार कायम कुलूपबंद असतं. मागून ओळखीचे आजोबा आले, हातात सामान असलं, तरी त्यांना कोड दाबू दे किंवा बेल वाजवू दे. दार धरून ठेवणं हा इथे सभ्यपणा नाही.

मूल विचारेलच, 'तू ज्यू आहेस का?' 'नाही, माझ्या घरी दिवाळी असते,' एवढं पुरे. गणपतीची गोष्ट सांगायची असेल तर आधी मुख्य बाईंना विचार. मोठ्यांशी गप्पा निघाल्या तर कोकणातल्या आपल्या बेने इस्राएल ज्यू लोकांबद्दल जरूर सांग. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पेसाखच्या सेदरला, म्हणजे सणाच्या रात्रीच्या जेवणाला, ज्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, त्याच एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ते मलिदा करतात. अमेरिकेतल्या पालकांना हे बहुधा नवीन असतं.

आता पैशाचं. तासावर पगार असेल तर सणांच्या बंद दिवसांचे पैसे मिळतात का, हे रुजू होण्याआधी लेखी विचार. पुढे सीडीएचं (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट, लहान मुलांच्या शिक्षकांचं) प्रमाणपत्र घ्यावंसं वाटेल. त्याला 120 तासांचं प्रशिक्षण आणि 480 तास मुलांबरोबरचा अनुभव लागतो. आपले तास पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेव, नंतर जुळवताना फार डोकेदुखी होते.

तुझी,
मावशी