बटण बंद करताना

तुझ्या अ‍ॅपचा कोड पाहिला. दाबता येऊ नये म्हणून बटण राखाडी केलंस, पण ते दाबलं जातंच आहे. नुसता रंग बदलला म्हणजे बटण बंद झालं असं नाही. फ्लटर किंवा कंपोझ, अ‍ॅपची स्क्रीन ज्या साधनात बनवतोस त्यात हे सांगायची सोय आहे: फ्लटरमध्ये ऑनप्रेस्डला (दाबल्यावर काय करायचं ते) नल, म्हणजे 'काहीच नाही', दे; कंपोझमध्ये एनेबल्ड (चालू आहे का) फॉल्स, म्हणजे 'नाही', कर. मग ते आपोआप फिकं होतं आणि अंध व्यक्तींना स्क्रीन वाचून दाखवणारा अँड्रॉइडचा टॉकबॅकही ते बंद असल्याचं बोलून सांगतो.

आता खरी गोम. 'पैसे भरा' दाबल्याबरोबर, सर्व्हरकडे विनंती जाण्याआधीच बटण बंद व्हायला हवं. उत्तर आल्यावर बंद करून काय उपयोग? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकलेली, नेट रेंगाळतंय, अशा वेळी माणूस तीन-तीनदा बोट मारतो. माझ्या पहिल्याच अ‍ॅपमध्ये एका काकूंचे असेच दोनदा पैसे कापले गेले. त्यांचा फोन मीच उचलला होता, तो रडवेला आवाज अजून आठवतो. बटण पुन्हा चालू करायची ओळ फायनलीमध्ये, म्हणजे काम झालं काय नि फसलं काय, शेवटी चालतोच त्या भागात लिही, नाहीतर एरर आली की ते बंदच राहील. आणि दुबार विनंती ओळखायची सोय सर्व्हरवरही हवीच, सगळी भिस्त बटणावर ठेवू नकोस.

फॉर्म अपुरा आहे म्हणून मात्र बटण बंद ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वारगेटला भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला फिकं बटण धड दिसत नाही, आणि काय भरायचं राहिलंय तेही कळत नाही. दाबू दे त्याला. मग पिनकोडच्या रकान्याखाली '6 आकडे हवेत' असं दाखव.