इंटरनेट फोनची घंटी वाजते, पण आवाज येत नाही? आधी नॅट बघा

सिप आणि आरटीपी या इंटरनेट फोनच्या दोन प्रोटोकॉलांची (संवादाच्या नियमसंचांची) गल्लत करू नका, निम्मा गोंधळ तिथेच असतो. सिप फक्त कॉल जोडतं आणि तोडतं; त्याचा नेहमीचा पोर्ट (पॅकेटांच्या दाराचा क्रमांक) ५०६०. आवाज मात्र वेगळ्या पोर्टवरून, आरटीपीच्या यूडीपी (पोहोच न मागता पाठवलेल्या) पॅकेटांतून जातो. म्हणून कॉल लागतो, तुमचं बोलणं समोरच्याला ऐकू जातं आणि तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, असं झालं की संशय नॅटवर, म्हणजे राउटर घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलतो त्या सोयीवर, घ्या.

वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) तुमच्याकडून गेलेला इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा सिप संदेश, उघडा. त्याच्या खालच्या एसडीपीमध्ये, म्हणजे आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या भागात, 'सी=' (c=) ने सुरू होणारी ओळ बघा. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर चोर सापडला: हा घरातला पत्ता, समोरचा सर्व्हर त्यावर आवाज पाठवणार तरी कसा? फोनमध्ये स्टन सुरू करा, म्हणजे फोन आपला बाहेरचा पत्ता शोधून तोच सांगेल. स्वतःचा ॲस्टेरिस्क (फोन सर्व्हरचं सॉफ्टवेअर) असेल तर त्याला बाहेरचा पत्ता द्या आणि आरटीपीचे पोर्ट, बहुधा १०००० ते २०००० यूडीपी, राउटरवरून त्याच्याकडे वळवा. राउटरमधलं 'सिप एएलजी' बंदच ठेवा. मदतीच्या नावाखाली ते पॅकेटांतले पत्ते बदलतं आणि बरेचदा चुकीचे बदलतं.

आवाज तुटत असेल तर दुखणं वेगळं, ते जिटरचं (पॅकेटं कमीजास्त उशिरा येण्याचं) किंवा गळालेल्या पॅकेटांचं. जी.७११ कोडेक (आवाजाचं डिजिटल रूप करायची पद्धत) ६४ केबीपीएसचा म्हणतात, पण २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांवर हेडर (पत्ते वगैरे माहिती) चढले की इथरनेटवर एका दिशेला साधारण ८७ लागतात. अपलोड मोजताना हाच आकडा धरा. वायफाय सोडून केबल लावून बघा, आधी तेवढंच करा.