तांब्याचे उत्तर जास्त का येते?

प्रश्न : तांब्याचे १०० ग्रॅम छर्रे जाळीत घालून उकळत्या पाण्यात तापवतो आणि कॅलरीमापीतल्या १०० ग्रॅम पाण्यात टाकतो. विशिष्ट उष्माधारकता दर वेळी ०.४३ च्या आसपास येते, पुस्तकात ०.३८५ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस आहे. उष्णता वाटेत निसटते म्हणावे, तर उत्तर कमी यायला हवे ना?

उत्तर : हवेच. पण तुमच्या छर्ऱ्यांना चिकटून उकळते पाणीही आत जाते. पाण्याची उष्माधारकता तांब्याच्या जवळजवळ अकरापट. कॅलरीमापी ६० ग्रॅम तांब्याचा आणि त्यातले पाणी २५ अंशांवर धरले, तर एक ग्रॅम चिकटलेल्या पाण्यानेच ०.३८५ चे ०.४२७ होते.

छर्रे कोरड्या परीक्षानळीत भरा, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि नळी छर्ऱ्यांच्या वरपर्यंत उकळत्या पाण्यात बुडवून वीसेक मिनिटे ठेवा. छर्ऱ्यांचे तापमान तापमापीने मोजा, १०० धरू नका. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते; तेवढ्यानेही उत्तर सुमारे तीन टक्के घसरते. नळी बाहेरून पुसून छर्रे एका झटक्यात ओता.

खरी अडचण मात्र पुढेच आहे. १०० ग्रॅम तांब्याने पाणी जेमतेम सहा अंश चढते. एक-एक अंशाच्या खुणांच्या तापमापीवर अर्धा अंश चुकला की आठ टक्के गेले! छर्रे २०० ग्रॅम घ्या, म्हणजे वाढ अकरा अंशांची होईल, तापमापी ०.१ किंवा ०.२ अंशाची हवी. सुरुवातीचे पाणी खोलीपेक्षा पाचेक अंश थंड ठेवा, म्हणजे आधी मिळालेली आणि नंतर गेलेली उष्णता बरीचशी फिटते. पावसाळ्यात भांड्यावर दव धरले तर हा उपाय सोडा, कारण दव धरताना पाण्याची वाफ आपली उष्णता भांड्याला देते. आणि भांडे व ढवळणी यांचे वजन गणितात धराच, नाहीतर पाच टक्के कमी.

प्रश्न : डीएससी यंत्रावर (नमुना तापवताना त्यात जाणाऱ्या उष्णतेचा आलेख काढणारे यंत्र) इंडियम धातूच्या वितळण्याचे शिखर १५७.५ अंशांना दिसते, वितळबिंदू तर १५६.६. यंत्र बिघडले का?

उत्तर : बहुधा नाही. वितळबिंदू शिखरावर नव्हे, चढ सुरू होतो तिथे वाचतात : चढाची स्पर्शिका आधाररेषेला छेदते तो बिंदू. मिनिटाला १० अंश वेगाने तापवताना शिखर उशिरा, म्हणजे थोड्या जास्त अंशांना दिसणारच. आरंभबिंदूही सरकलेला असेल, तर नमुना ठेवायच्या ॲल्युमिनियमच्या ताटलीचा तळ वाकला आहे का, ते आधी पाहा.