रेनी हार्लिन: आपटला, पण थांबला नाही

प्रश्न: हॉलिवूडचा दिग्दर्शक रेनी हार्लिन याच्या 'कटथ्रोट आयलंड' या समुद्री चाच्यांवरच्या चित्रपटाने (१९९५) कॅरोल्को ही चित्रपट काढणारी कंपनी बुडवली, असं नेहमी वाचतो. एकट्या दिग्दर्शकामुळे एवढी कंपनी बुडते का?

नाही. तारखा बघा. कॅरोल्कोने दिवाळखोरी जाहीर केली नोव्हेंबर १९९५ मध्ये आणि चित्रपट लागला २२ डिसेंबरला. पहिलं तिकीट फाटायच्या आधीच कंपनीने हात टेकले होते. कर्जाचा डोंगर जुनाच होता. परदेशातले हक्क आगाऊ विकून पैसा उभा करायचा, ही तिची पद्धत. असा पैसा एकदा घेतला की चित्रपट गुंडाळता येत नाही. म्हणून ठरलेला नायक मायकेल डग्लस बाहेर पडल्यावरही काम रेटावं लागलं. त्याच्या जागी मॅथ्यू मोडीन आला, पटकथेची डागडुजी सुरूच राहिली.

इथेच घात झाला. समुद्रावरच्या चित्रपटात पटकथा पक्की झाल्याशिवाय जहाजाला हात लावू नये. जमिनीवर शॉट बदलला तर कॅमेरा हलवला की भागतं. पाण्यावर जहाज वळवावं लागतं, उन्हाची दिशा आणि लाटांची उंची आधीच्या शॉटशी जुळवावी लागते, स्फोटाची तयारी नव्याने करावी लागते. तासाभराच्या कामात दिवस जातो. हार्लिनचा दोष एवढाच, की अशा घाईला त्याने होकार दिला.

प्रश्न: तोटा नेमका किती, हे कसं काढायचं?

ढोबळ हिशेब असा: तिकीटविक्रीतला साधारण निम्मा वाटा थिएटरवाले ठेवतात. प्रसिद्धीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. त्यामुळे खर्चाच्या दोन ते अडीचपट गल्ला जमला तर बरोबरी. 'कटथ्रोट'चा खर्च सुमारे ९.८ कोटी डॉलर, अमेरिकेतला गल्ला जेमतेम १ कोटी. त्यातले हाती पन्नासेक लाख. दोनच वर्षांपूर्वी हार्लिनच्याच 'क्लिफहँगर' या डोंगरकड्यांवरच्या थरारपटाने सुमारे ७ कोटींच्या खर्चावर जगभरात २५ कोटींच्या वर कमावले होते.

प्रश्न: 'क्लिफहँगर' आजही अंगावर का येतो?

कारण माणूस खरा लटकलाय. स्टंटमन सायमन क्रेन सुमारे १५,००० फुटांवर एका विमानातून दुसऱ्याकडे केबलवरून सरकला. दुसरा टेक नाही. मानधन १० लाख डॉलर. आधी दोन्ही विमानं एकाच चौकटीत दूरवरून दिसतात, म्हणून केबलवरचा माणूस किती लहान आहे ते कळतं आणि पोटात गोळा येतो. नवख्या दिग्दर्शकांनी ही चौकट जरूर पाहावी. नुसत्या क्लोजअपवर उंची कळत नाही.

प्रश्न: एवढ्या आपटीनंतर त्याला काम कोण देतं?

जो वेळेत चित्रपट उरकतो, त्याला काम मिळतं. १९९९ च्या 'डीप ब्लू सी'मध्ये त्याने यांत्रिक शार्क आणि संगणकावरचे शार्क मिसळले, आणि सॅम्युअल जॅक्सनला भाषणाच्या मध्येच शार्कच्या तोंडी दिलं. कोण वाचणार हा प्रेक्षकाचा अंदाज त्या क्षणी कोलमडतो. माझ्या मते संकलनातली ही त्याची सर्वांत नेमकी कात्री. चित्रपट चालला. पुढे दिग्दर्शक पॉल श्रेडरने पूर्ण केलेला 'एक्झॉर्सिस्ट' या भयपटाचा पूर्वभाग निर्मात्यांना पटला नाही, तेव्हा तो जवळपास सगळा नव्याने चित्रित करायला हार्लिनलाच बोलावलं (२००४).

मग पडता काळ आला आणि तो चीनला गेला. जॅकी चॅनचा 'स्किपट्रेस' (२०१६) तिथे चांगला चालला. नंतर स्लोव्हाकियात 'द स्ट्रेंजर्स' या भयपटाचे तीन भाग त्याने एकाच दमात चित्रित केले. पहिला २०२४ मध्ये आला: खर्च कमी, जागा मोजक्या, रात्र आणि जंगल. समीक्षकांनी झोडपलं, पण पैसे वसूल झाले.