वर्गाचे वार

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी रात्री जेवताना तू शाळेतून आलेला कागद माझ्यापुढे ठेवलास आणि विचारलेस, "आई, वाईला तुझ्या शाळेत कुठले कुठले क्लब होते?" एकही नव्हता, असे मी सांगितल्यावर तू जरा वेळ गप्प राहिलास आणि मग म्हणालास, "म्हणजे तुम्ही नुसता अभ्यासच करायचात?" तेव्हा तुला झोपायची घाई होती आणि मला दुसऱ्या दिवशीच्या डब्याची, त्यामुळे मी "नाही रे, खूप काही करायचो" एवढेच म्हटले. ते उत्तर मला पुरेसे वाटले नाही. रविवारच्या मराठी शाळेमुळे आता तुला मोठे पत्रही वाचता येते, म्हणून आज सवडीने लिहीत आहे.

आमच्याकडे क्लब नव्हते, पण वार होते. हा शब्द तुला फक्त सोमवार-मंगळवारातला ठाऊक आहे. त्याचा एक जुना उपयोग आहे, तो आधी सांगते. तुझे पणजोबा लहानपणी खेड्यातून वाईला शिकायला आले, तेव्हा खाणावळीला द्यायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. अशा मुलांना गावातली घरे आठवड्यातून एकेक दिवस जेवायला बोलावीत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि याला वार लावून जेवणे म्हणत. सात घरे मिळाली की मुलाचा आठवडा निघे. आमच्या वेळेपर्यंत ती पद्धत मागे पडली होती, पण शब्द मात्र शाळेत टिकून होता. वर्गात आम्ही 54 मुले-मुली होतो आणि शाळा आठवड्यातून सहा दिवस असे, म्हणून नऊ-नऊ जणांचे सहा गट पाडलेले असत. "तुझा वार कुठला?" असे कोणी विचारले, तर वर्गाचे काम तुझ्याकडे कोणत्या दिवशी येते, असा त्याचा अर्थ होता.

ज्या गटाचा वार असेल, तो शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी येई. शाळा अकराला भरे, शनिवारी सकाळी साडेसातला. बाके एका बाजूला सरकवायची, पाण्याचा सडा मारून धूळ बसवायची, खोली केरसुणीने आणि व्हरांड्यापुढचे अंगण खराट्याने झाडायचे, फळा ओल्या फडक्याने पुसून त्यावर तारीख, पट, हजर मुलांची संख्या आणि सुविचार लिहायचा, आणि आडावरून पाणी आणून कोपऱ्यातला माठ भरायचा. महिन्यातून एकदा फळा काळा करण्याचे काम निघे आणि त्यासाठी आम्ही वाट पाहत असू. घरून आणलेला कोळसा कुटून त्याची वस्त्रगाळ पूड करायची, तोंडलीचा पाला चुरगाळून त्याचा रस काढायचा, दोन्ही एकत्र कालवून चिंधीच्या बोळ्याने फळ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हात न उचलता ओढत न्यायचे. मध्ये हात उचलला तर तिथे पट्टा दिसे आणि पुढचा महिनाभर गणिताचे सर त्या पट्ट्यावरून आमच्याकडे पाहत.

आठवीपर्यंत हे वार नीट नव्हते, हेही तुला कळले पाहिजे. मुलांनी बाके उचलायची आणि मुलींनी झाडायचे, अशी वाटणी कोणीही न ठरवता ठरून गेली होती, आणि मोठ्या माणसांपैकी कोणालाही त्यात वावगे दिसत नव्हते. मला ते खुपत असे, पण बोलण्याचे धाडस नव्हते. नववीला आलेल्या आमच्या वर्गशिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात गट मोडले आणि हजेरीपटाच्या क्रमाने प्रत्येकाचे काम बदलत जाईल, असे ठरवले: या आठवड्यात ज्याने माठ भरला त्याने पुढच्या आठवड्यात झाडायचे. दोन-तीन पालक तक्रार घेऊन आले की आमच्या मुलाच्या हातात केरसुणी का दिली. बाईंनी त्यांना हजेरीपट दाखवला आणि मुलाचा क्रमांक वाचून दाखवला. आणखी काही बोलल्या नाहीत.

माठाची एक गोष्ट मला तेव्हा समजली नव्हती. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, संध्याकाळी दप्तर ठेवले की कधीकधी सहज विचारल्यासारखे विचारी, "आज माठ कोणी भरला होता ग?" मी नाव सांगे. एखादे नाव ऐकून ती गप्प होई, पण "पाणी पिऊ नकोस" असे तिने कधी म्हटले नाही. ती आडनावे ऐकत होती, हे मला फार वर्षांनी कळले. त्या काळात, त्या घरात वाढलेल्या बाईने तो प्रश्न मनात ठेवून नातीला रोज त्याच माठाचे पाणी पिऊ दिले, याचे मोल मी आज जाणते. जात न पाहता एकत्र खाण्यापिण्याची सुरुवात आमच्या जिल्ह्यात बरीच आधी झाली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्याला असे वसतिगृह सुरू केले, जिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करत. आमची शाळा रयतची नव्हती, पण त्या वसतिगृहात शिकलेली माणसे जिल्ह्यात सगळीकडे मास्तर झाली होती आणि त्यांच्याबरोबर ती रीतही पोहोचली होती.

सफाईनंतर परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, बातम्या, एक बोधकथा, असा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सगळ्या शाळेपुढे पटांगणावर होई आणि तोही क्रमाने एकेका वर्गाकडे येई. इथेही निवड नव्हती. ज्याला बोलण्याची हौस आहे त्याने बोलावे आणि ज्याला भीती वाटते त्याने मागे उभे राहावे, ही सोय कोणालाच नव्हती. माझा हजेरी क्रमांक 41 होता. 42 क्रमांकाची मुलगी धोम धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावाहून लाल एसटीने येई आणि वर्गात जवळजवळ बोलतच नसे. ती पहिल्यांदा बातम्या वाचायला उभी राहिली तेव्हा कागदावरची वाक्ये तिने बरोबर वाचली, पण शेवटी पावसाची बातमी आपल्या शब्दांत सांगताना तिच्या तोंडून "पाणी लई व्हतं" असे गेले आणि मागच्या रांगांमधून हसू फुटले. मीही हसले होते. ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

त्याच वर्षी, म्हणजे 1989 च्या दिवाळीनंतर, आम्ही हस्तलिखित काढले. तुझ्या कागदावर यीअरबुक क्लब आहे, त्याला सर्वांत जवळचे आमच्याकडचे हेच. हस्तलिखित म्हणजे वर्गाचे मासिक, ज्याची एकच प्रत असते आणि ती हाताने लिहिलेली असते. त्या वर्षीचा विषय होता आपली कृष्णा नदी. महाबळेश्वरला उगम पावून ती धोमला येते, मेणवलीवरून वाईच्या घाटांपाशी पोहोचते आणि पुढे साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा तिला मिळते. एवढ्या टप्प्यात जे जे दिसेल आणि ऐकू येईल, त्यावर प्रत्येकाने एक पान लिहायचे होते. कोणी घाटांवर लिहिले, कोणी हिवाळ्यात आळीआळीने होणाऱ्या कृष्णाबाईच्या उत्सवावर. चित्रकलेखेरीज कशातच मन न रमणाऱ्या एका मुलाने मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा काढली, जी 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर तिकडून आणली गेली असे सांगतात. ते चित्र त्याने चार रविवार मेणवलीला सायकलने जाऊन, घंटेसमोर बसून पुरे केले.

लिहिण्याआधी बाई आम्हांला विश्वकोशाच्या कार्यालयात घेऊन गेल्या. मराठी विश्वकोशाचे काम आमच्या गावात चाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड 1976 साली निघाला होता, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण प्रत्यक्षात टेबलांवर कागदांच्या चळती, त्यांवर लाल शाईच्या दुरुस्त्या आणि एकेका शब्दासाठी थांबलेली माणसे पाहून आम्ही बाहेर आलो ते कुजबुजतच. छापलेल्या पानामागे इतक्या लोकांचे वाचन असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. मला वाटते, बाईंनी त्यासाठीच नेले असावे, कारण परत आल्यावर त्यांनी एक नियम घातला: स्वतःचे पान स्वतः उतरवायचे नाही, पुढच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे उतरवायचे. अक्षर चांगले असो की वाईट, हाच नियम. म्हणजे 42 क्रमांकाचे पान माझ्याकडे आले.

तिने धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाबद्दल लिहिले होते. तिची आजी ज्या घरात नांदायला आली, ते घर, दारातले उंबराचे झाड, देऊळ, नदीकाठचे हळदीचे वाफे, आणि पाणी चढू लागले तेव्हा माणसांनी घराची कौले उतरवून बैलगाडीत भरली ते दिवस. सगळे आजीच्या तोंडच्या शब्दांत होते. मी जाड ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीने रेघा आखल्या, समास सोडला आणि काळ्या शाईने उतरवायला बसले. पान पूर्ण झाल्यावर बाईंना दाखवले. त्यांनी तिचा मूळ कागद शेजारी ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवले. तिथे तिने "दारात उंबर व्हता" असे लिहिले होते आणि मी "होता" केले होते. माझ्या नकळत झाले होते. बाकी शुद्धलेखनात एक वेलांटी चुकली तरी पान पुन्हा लिहायला लावणाऱ्या बाईंनी मला सांगितले की हा शब्द चुकलेला नाही, तो तिच्या आजीचा आहे. मी दुसरे पान लिहिले आणि त्यात आणखी एका ठिकाणी हात तसाच घसरला. खाडाखोड चालत नसे. तिसऱ्या वेळी मी एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिला, तिच्या आजीच्या आवाजात म्हणावा तसा, आणि तेव्हा ते पान बरोबर उतरले. कौले उतरवण्याच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले होते. पटांगणावर हसले होते, ते मला तिथे आठवले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि डबा उघडला. मी क्षमा मागितली नाही, ते शब्द तेव्हा सुचले नाहीत. उंबराचे झाड पाण्याबाहेर कधी दिसते का, एवढे विचारले. उन्हाळ्यात धरण खाली गेले की देवळाचा चौथरा दिसतो, झाड मात्र दिसत नाही, असे तिने सांगितले. दहावी संपेपर्यंत आम्ही शेजारी बसलो.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाला हस्तलिखिताचे प्रकाशन झाले. स्नेहसंमेलनात नाटुकली होती, लेझीम होते, शेलापागोटे होते. शिक्षकदिनाला, म्हणजे 5 सप्टेंबरला, आम्ही साड्या नेसून पाचवीच्या वर्गावर शिकवायला जात असू. खो-खो तर बाराही महिने. त्या सगळ्याबद्दल तुला फोटो दाखवून सांगेन, लिहिण्याने त्यातली मजा कळणार नाही.

तू मला आणखी एक विचारले होतेस: काही निवडता येत नसेल तर कंटाळा यायचा नाही का? कधीकधी यायचा. आणि निवड नसल्याचा तोटाही होता, तो मी सोसला आहे. मला पेटी शिकायची फार इच्छा होती. शाळेत पेटी होती, ती प्रार्थनेला वाजे, पण ती शिकवायला कोणी नव्हते आणि ज्याला शिकायचे आहे त्याने विचारावे, अशी वाटही नव्हती. तुझ्या कागदावर संगीताच्या तीन वेगवेगळ्या क्लबांची नावे पाहिली तेव्हा मला तुझ्यासाठी मनापासून आनंद झाला. म्हणून आमची पद्धत चांगली आणि तुमची कमी, असे मी तुला सांगणार नाही. तुझ्या यादीतल्या प्रत्येक क्लबात मुले आपापल्या आवडीने येतील, एवढेच मला सारखे दिसत राहिले, आणि आवडीच्या यादीवर 42 क्रमांकाच्या मुलीशेजारी माझे नाव कधीच आले नसते.

कागदावर सही करून तो तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला आहे. क्लबाच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे, ती तू भर. डिसेंबरात आपण वाईला जाऊ, तेव्हा ग्रंथालयातल्या कपाटात ते हस्तलिखित अजून आहे का, हे तू स्वतः विचारायचेस. असेल तर बेचाळिसावे पान उघड. अक्षर माझे आहे.

तुझी,
आई

ता. क. सोमवारपासून घरातले माझे, बाबांचे आणि तुझे वार मी फ्रिजवर लावत आहे. पहिला सोमवार बाबांचा आहे.