आधी जागेवर उभं राहा, मग पाटी लिही
जुन्या वास्तूपाशी माहितीचा बोर्ड लावतोयस ना, तर सगळा इतिहास त्या एकाच बोर्डावर कोंबायचा मोह सोड आधी, लोक उन्हात उभे राहून वाचतात, फार तर अर्धा-पाऊण मिनिट, त्यामुळे ६०-७० शब्द बास झाले, वंशावळ-बिंशावळ पुस्तिकेत टाक. सुरुवात समोर दिसतंय त्यापासून कर, म्हणजे 'कमानीच्या डाव्या दगडावर छिन्नीचे घाव दिसतायत का बघा' असं काहीतरी, सन नंतर. नकाशात मात्र माणूस जिकडे तोंड करून उभा आहे तीच बाजू वर ठेव, उत्तर वरच पाहिजे हा हट्ट कशाला, लोक मान वाकडी करत बसतात. मथळा ३ मीटरवरून वाचायचा असेल तर अक्षर साधारण २५ मिमी उंच घे. साध्या छपाईतले लाल-पिवळे रंग उन्हात आधी उडतात. आणि प्लीज, जुन्या भिंतीत ड्रिल मारू नकोस, वेगळा खांब लाव.